ऋण आयन चुकतो कुठे? प्रोटॉन शाईने, इलेक्ट्रॉन पेन्सिलने

आठवीपासून अकरावीपर्यंतच्या मुलांच्या वह्या तपासताना एक चूक हमखास सापडते. क्लोरीनच्या अणूने एक इलेक्ट्रॉन घेतला, इथवर सगळं बरोबर असतं. पुढच्याच ओळीत क्लोरीनच्या डोक्यावर अधिकचं चिन्ह बसलेलं असतं. यावलकडच्या एका पोराने तर मला ठणकावून विचारलं, "सर, इलेक्ट्रॉन वना म्हंजे वाढना, मंग अधिक नही का?" त्याचं म्हणणं बिनडोक नव्हतं. आलं की अधिक, गेलं की वजा, हे पहिलीपासून त्याच्या हातात बसलेलं. चूक त्याच्या गणितात नव्हती, तो मोजत होता ती वस्तूच वेगळी होती.

दुसरी चूक याहून चिवट. "क्लोरीनला वजा एक, ऑक्सिजनला वजा दोन" असं पाठ केलेलं असतं, त्यामुळे उत्तर बरोबर येतं आणि रीत कुणी बघत नाही. मग पेपरात फॉस्फरस किंवा सेलेनियम आला की पेन थांबतं. इलेक्ट्रॉन घेतल्याने किंवा दिल्याने प्रभार आलेला अणू म्हणजे आयन; घेतल्याने होतो तो ऋण आयन. म्हणून ऋण आयन कसा बनतो आणि त्याचा प्रभार किती, हे काढायची फक्त रीत खाली दिली आहे. टप्पे आहेत त्याच क्रमाने करा. पहिले आठ-दहा अणू सोडवताना एकही टप्पा मनातल्या मनात उरकू नका.

## आधीची तयारी

निळं पेन, पेन्सिल, खोडरबर आणि आवर्तसारणी एवढं जवळ ठेवा. सारणी भिंतीवरची असो की पुस्तकातली, प्रत्येक चिन्हाजवळचे दोन आकडे कोणते ते आधी ओळखा. लहान, पूर्ण आकडा म्हणजे अणुअंक. मोठा, बहुधा दशांशातला आकडा म्हणजे अणुवस्तुमान. आपल्या कामाला फक्त अणुअंक लागतो. क्लोरीनसाठी १७ ऐवजी ३५ प्रोटॉन लिहिणारी मुलं दर वर्षी भेटतात, कारण ३५.५ हा आकडा त्यांच्या डोक्यात जास्त घट्ट बसलेला असतो.

आता पेन-पेन्सिलचा नियम. प्रोटॉनांची संख्या शाईने लिहायची, इलेक्ट्रॉनांची पेन्सिलने. रासायनिक अभिक्रियेत केंद्रकाला कुणी हात लावत नाही. प्रोटॉन तितकेच राहतात, म्हणून ते शाईने. इलेक्ट्रॉन येतात-जातात, म्हणून ते पेन्सिलने. सतराचे अठरा करायचे असतील तर खोडून करा. शाईचा आकडा खोडायची वेळ आली, तर तुम्ही आयन नव्हे, दुसरंच मूलद्रव्य बनवताय.

चिन्हाचा घोळ होत असेल तर किराणा दुकानाची वही आठवा. उधारीवर साखर आणली की घरात साखर वाढते, पण वहीत आपल्या नावावर वजा पडतं. इलेक्ट्रॉन हा असाच माल आहे. तो स्वतः ऋणप्रभारित असल्यामुळे तो घरात आला की खातं वजात जातं. ही उपमा फक्त चिन्हापुरती वापरा. उधारी फेडावी लागते, क्लोराइडला तशी कुणी सक्ती करत नाही.

## टप्पा १: प्रोटॉन लिहा

मूलद्रव्याचं नाव, त्याखाली अणुअंक, शाईने. उदासीन अणूत इलेक्ट्रॉन तितकेच असतात, म्हणून शेजारी तोच आकडा पेन्सिलने. न्यूट्रॉन लिहूच नका. प्रभाराशी त्यांचा संबंध नाही, आणि पानावर आकडा दिसला की तो कुठेतरी मिळवायची खोड अनेकांना असते.

तपासा: या क्षणी दोन्ही आकडे सारखे आहेत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: इलेक्ट्रॉन कवचांत वाटा

कवच म्हणजे केंद्रकाभोवतीचा इलेक्ट्रॉनांचा थर. आतून बाहेर भरत या. के कवचात जास्तीत जास्त २, एल कवचात ८, एम कवचात १८. इथेच पोटॅशिअम पाय ओढतो. त्याचा अणुअंक १९. "एम कवचात १८ मावतात ना?" म्हणून मुलं २, ८, ९ लिहून मोकळी होतात. सर्वांत बाहेरच्या कवचात आठाहून अधिक बसवायचे नाहीत, हा दुसरा नियम ती विसरतात. बरोबर संरूपण, म्हणजे इलेक्ट्रॉनांची कवचवार मांडणी, २, ८, ८, १.

पहिल्या वीस मूलद्रव्यांपर्यंत ही साधी वाटणी पुरते. त्यापुढे मधल्या कवचांचा हिशेब बदलतो, म्हणून ब्रोमीन (२, ८, १८, ७) आणि आयोडीन (२, ८, १८, १८, ७) सरळ लक्षात ठेवा.

तपासा: कवचांतल्या आकड्यांची बेरीज पेन्सिलच्या आकड्याइतकी आली पाहिजे. ही बेरीज करायला पाच सेकंद लागतात आणि निम्म्या चुका इथेच पकडल्या जातात.

## टप्पा ३: रिकाम्या जागा मोजा

भरीत-पुरीच्या पंगतीत आठ पानं मांडली आणि सात जण बसले, तर एक पान रिकामं. बाह्यतम कवचाचंही तसंच. आठातून बाहेरचे इलेक्ट्रॉन वजा केले की किती इलेक्ट्रॉन घ्यावे लागतील ते कळतं.

नायट्रोजन २, ५ आणि फॉस्फरस २, ८, ५ यांना तीन जागा आहेत. ऑक्सिजन २, ६ आणि गंधक २, ८, ६ यांना दोन. फ्लुओरीन २, ७ आणि क्लोरीन २, ८, ७ यांना एक. आवर्तसारणीत हे अनुक्रमे गण १५, १६ आणि १७.

वजाबाकी करता येते म्हणून प्रत्येक अणूला इलेक्ट्रॉन देऊ नका. सोडिअमच्या (२, ८, १) बाहेरच्या कवचात सात जागा रिकाम्या दिसतात, पण तो सात घेत नाही. बाहेरचा एक देतो आणि आतलं भरलेलं कवच उघडं पडतं. बाहेर एक, दोन किंवा तीन इलेक्ट्रॉन असलेले धातू देणाऱ्यांत धरा. चार इलेक्ट्रॉनवाला कार्बन बहुतेक वेळा देतही नाही, घेतही नाही. तो भागीदारी करतो, आणि त्याला सहसंयुज बंध म्हणतात. निऑन, अरगॉन हे राजवायू भरलेल्या पंगतीचे मालक, त्यांना या खेळात ओढू नका.

हायड्रोजन मात्र वेगळा. त्याच्या एकुलत्या कवचात दोनच जागा, म्हणून आठातून एक वजा करून "सात" लिहिलं की शून्य गुण. सोडिअम किंवा कॅल्शिअमसारख्या धातूसोबत तो एक इलेक्ट्रॉन घेतो आणि त्याचा हायड्राइड, म्हणजे हायड्रोजनचा ऋण आयन, होतो.

वर्गातला एक चांगला प्रश्न: क्लोरीनने एक घेण्याऐवजी सात देऊन टाकले तर? आकडे बघा. क्लोरीनच्या एक मोल (अणू मोजायची एक ठरावीक, प्रचंड संख्या) अणूंमधून पहिला एकेक इलेक्ट्रॉन काढायलाच सुमारे १२५१ किलोजूल ऊर्जा लागते, आणि पुढचा प्रत्येक इलेक्ट्रॉन आणखी महाग. उलट एकेक इलेक्ट्रॉन दिला तर सुमारे ३४९ किलोजूल बाहेर पडतात. सतरा प्रोटॉनांची ओढ, आणि ती झाकायला आत फक्त दहा इलेक्ट्रॉन. बाहेरच्या रिकाम्या जागेवर येणाऱ्या इलेक्ट्रॉनला ही ओढ चांगलीच जाणवते. "अणूला अष्टक (बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन) हवं असतं" हे बोलायला सोपं आहे आणि मीही बोलतो. पण अणूला काही हवंसं वाटत नसतं. कारण विचारलं तर ओढीचं आणि ऊर्जेचं लिहा.

## टप्पा ४: इलेक्ट्रॉन आला कुठून?

मुलं हा टप्पा उडवतात, आणि परीक्षक नेमका तोच विचारतात. इलेक्ट्रॉन हवेतून येत नाही. जितके कुणी घेतले तितके कुणीतरी दिलेच पाहिजेत. म्हणून घेणाऱ्याच्या शेजारी देणारा लिहा आणि दोन्हीकडची बेरीज जुळवा.

सोडिअम आणि क्लोरीन: एक दिला, एक घेतला, मिटलं.

मॅग्नेशिअम आणि क्लोरीन: मॅग्नेशिअम दोन देतो, क्लोरीनकडे जागा एक. दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच क्लोरीनवर लादून २, ८, ९ करणारे आहेत. तसं न करता दुसरा क्लोरीन बोलवायचा.

ॲल्युमिनिअम आणि ऑक्सिजन: एक तीन देतो, दुसरा दोन घेतो. जुळणी सहावर होते, दोन ॲल्युमिनिअम आणि तीन ऑक्सिजन. मॅग्नेशिअम आणि नायट्रोजनचंही सहावरच जमतं. किती मॅग्नेशिअम, किती नायट्रोजन, ते तुम्हीच काढा.

आता अकरावीवाल्यांसाठी थोडं खोलात. "सोडिअम आनंदाने देतो आणि क्लोरीन आनंदाने घेतो" हे वाक्य पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. हिशेब तसं सांगत नाही. सोडिअमच्या मोलभर अणूंमधून इलेक्ट्रॉन काढायला सुमारे ४९६ किलोजूल लागतात. क्लोरीनने ते घेतल्यावर ३४९ परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवाणघेवाणीत १४७ किलोजूलचा तोटा! त्याआधी घन सोडिअमचे अणू सुटे करायला सुमारे १०७ आणि क्लोरीनच्या रेणूतला बंध तोडून एक मोल अणू मिळवायला सुमारे १२१ खर्च झालेलेच असतात. हा सगळा खड्डा भरून निघतो तो शेवटी. धन आणि ऋण आयन एकमेकांना बिलगून मिठाचा स्फटिक बांधतात, तेव्हा सुमारे ७८७ किलोजूल बाहेर पडतात. सगळ्याची बेरीज-वजाबाकी केली की साधारण ४१२ किलोजूल शिल्लक. मीठ टिकतं ते या शिलकीवर.

ऑक्सिजनचं उदाहरण याहून बोलकं आहे. पहिला इलेक्ट्रॉन घेताना तो मोलमागे सुमारे १४१ किलोजूल सोडतो. दुसरा इलेक्ट्रॉन येतो तेव्हा समोर आधीच ऋण झालेला आयन उभा. दोघे एकमेकांना ढकलतात, आणि दुसरा आत बसवायला सातशेहून अधिक किलोजूल बाहेरून घालावे लागतात. सुटा, एकटा ऑक्साइड आयन म्हणूनच टिकत नाही. धातूच्या ऑक्साइडच्या स्फटिकात मात्र तो सुखाने असतो, कारण भोवतालचे धन आयन खर्च भरून देतात. नायट्रोजनच्या तीन इलेक्ट्रॉनांचं काय होत असेल, ते यावरून ताडा.

## टप्पा ५: प्रभार काढा

पेन्सिलचा आकडा खोडून नवा लिहा. मग एकच वजाबाकी: प्रोटॉन वजा इलेक्ट्रॉन. क्रम उलटा करायचा नाही. पहिला शाईचा आकडा, त्यातून पेन्सिलचा वजा.

क्लोरीन: १७ − १८ = −१
गंधक: १६ − १८ = −२
फॉस्फरस: १५ − १८ = −३

चिन्ह पाठ करायची गरजच उरत नाही, वजाबाकीच ते काढून देते. यावलच्या त्या पोराला मी फळ्यावर हेच करायला लावलं. सतरातून अठरा गेल्यावर तो जरा थबकला, मग स्वतःच हसला.

## टप्पा ६: चिन्ह आणि नाव लिहा

प्रभार मूलद्रव्याच्या चिन्हाच्या उजव्या खांद्यावर, लहान अक्षरात. आधी आकडा, मग चिन्ह, म्हणजे "२−". एकचा आकडा लिहीत नाहीत, नुसतं "−" पुरतं. तोच आकडा खाली पायाशी लिहिला तर अर्थ बदलतो. पायाशी अणूंची संख्या असते, खांद्यावर प्रभार.

नावाच्या शेवटी "आइड" येतं: फ्लुओराइड, क्लोराइड, ब्रोमाइड, आयोडाइड, ऑक्साइड, सल्फाइड, नायट्राइड, फॉस्फाइड. "क्लोरीन आयन" असं लिहू नका. हा शब्दांचा काथ्याकूट नाही. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीला घालतात ते म्युरेट ऑफ पोटॅश खत म्हणजे पोटॅशिअम क्लोराइड. शुद्ध पोटॅशिअम क्लोराइडमध्ये वजनाने ४७ टक्क्यांहून थोडा अधिक क्लोराइड असतो. "मंग गोणीमा क्लोरीन शे?" असं विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं: क्लोरीन वायू नाही, क्लोराइड आहे. हिरवट-पिवळा, नाक-घसा जाळणारा वायू आणि जेवणाच्या मिठातला आयन यांच्यात फरक अणूमागे एका इलेक्ट्रॉनचा.

## टप्पा ७: तीन उलट तपासण्या

पहिली: नवं संरूपण एखाद्या राजवायूसारखं आलं का? क्लोराइड २, ८, ८ म्हणजे अरगॉनसारखं. ऑक्साइड २, ८ म्हणजे निऑनसारखं. न आल्यास टप्पा ३ कडे परत जा. आणि "सारखं" म्हणजे "तेच" नव्हे. क्लोराइड अरगॉन होत नाही, त्याचे प्रोटॉन सतराच आहेत. शाईचा आकडा बघा.

दुसरी: अणुवस्तुमान बदललं का? बदलायला नको. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान प्रोटॉनच्या सुमारे १/१८३६, त्यामुळे एक-दोन आल्याने तो आकडा हलत नाही.

तिसरी, आकाराची: ऋण आयन मूळ अणूपेक्षा मोठा असतो. क्लोरीनच्या अणूची त्रिज्या सुमारे ९९ पिकोमीटर, क्लोराइडची सुमारे १८१. नवीन कवच आलेलं नाही, मग फुगला कसा? प्रोटॉन तेवढेच, इलेक्ट्रॉन एक जास्त. त्यांचं आपसातलं ढकलणं वाढलं आणि ढग पसरला. नायट्राइड, ऑक्साइड, फ्लुओराइड, सोडिअम आयन आणि मॅग्नेशिअम आयन या सगळ्यांत दहाच इलेक्ट्रॉन, पण आकार याच क्रमाने घटत जातो. प्रोटॉन सातापासून बारापर्यंत वाढतात आणि ढग आत ओढला जातो.

## संयुक्त मूलकं आली तर

संयुक्त मूलक म्हणजे एकत्र बांधलेल्या अणूंचा प्रभार असलेला गट. इथे "आठातून वजा" चालत नाही, पण शाई-पेन्सिल चालते. धुण्याच्या सोड्यात कार्बोनेट असतं, उडदाच्या पापडांत घालतात त्या पापडखारातही. एक कार्बन (६) आणि तीन ऑक्सिजन (२४) मिळून प्रोटॉन ३०. या मूलकात इलेक्ट्रॉन ३२. ३० − ३२ = −२. नायट्रेटमध्ये प्रोटॉन ३१, इलेक्ट्रॉन ३२. सल्फेटमध्ये ४८ आणि ५०. हा प्रभार सगळ्या गटाचा असतो, एका अणूच्या नावावर टाकू नका. शेवटही आइडऐवजी "एट" झालेला दिसेल. हायड्रॉक्साइड त्याला अपवाद.

## प्रयोगशाळेत खात्री: क्लोराइडची चाचणी

शिक्षक समोर असतील तरच करा. सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागलं की काळे डाग पडतात आणि ते कित्येक दिवस जात नाहीत, म्हणून हातमोजे घाला.

१. तीन परीक्षानळ्या डिस्टिल्ड वॉटरने धुवा. नळाच्या पाण्याने धुतल्या तर पाण्यातलाच क्लोराइड चाचणी देईल. सगळ्यांत जास्त प्रयोग इथे बिघडतात.

२. पहिल्या नळीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत त्याच पाण्यात चिमूटभर मीठ, तिसरीत घरच्या बोअरचं पाणी घ्या.

३. तिन्हींत विरल नायट्रिक आम्लाचे काही थेंब टाका. पाण्यात कार्बोनेट असेल तर तोही चांदीबरोबर साका (न विरघळणारा गाळ) देतो, आम्ल त्याला आधीच बाहेर काढतं. "आम्लच हवं ना" म्हणून हायड्रोक्लोरिक आम्ल उचलू नका, त्यात क्लोराइड भरलेला असतो आणि तिन्ही नळ्या पांढऱ्या होतात.

४. आता सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचे दोन-तीन थेंब.

मिठाच्या नळीत दह्यासारखा पांढरा साका येईल. डिस्टिल्ड वॉटरची नळी निवळ राहिली पाहिजे. तिच्यातही ढग आला तर पाणी किंवा नळी खराब, पुन्हा सुरुवात करा. बोअरच्या पाण्यात किती गढूळ येतं ते पाहण्यासारखं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. मात्र ही चाचणी फक्त आहे-नाही सांगते, पाणी पिण्याजोगं आहे का ते नाही.

क्लोरोफॉर्मच्या एका रेणूत क्लोरीनचे तीन अणू असतात, तरी थंड सिल्व्हर नायट्रेटबरोबर हा साका येत नाही. तिथे क्लोरीनने इलेक्ट्रॉन घेतलेला नसतो, कार्बनबरोबर वाटून घेतलेला असतो. टप्पा ३ मध्ये भागीदारीवाले बाजूला काढायला सांगितले ते याचसाठी.

## सरावाला

पुस्तक मिटून सोडवा, मग खाली बघा.

(अ) सेलेनियम, अणुअंक ३४, संरूपण २, ८, १८, ६. आयनाचा प्रभार आणि इलेक्ट्रॉन किती?
(आ) एका आयनात १० इलेक्ट्रॉन, प्रभार ३−. मूलद्रव्य कोणतं?
(इ) एका आयनात १८ इलेक्ट्रॉन, प्रभार २−. मूलद्रव्य कोणतं?
(ई) एका आयनात १८ इलेक्ट्रॉन, प्रभार २+. मूलद्रव्य कोणतं?

उत्तरं: (अ) २−, ३६ इलेक्ट्रॉन. (आ) प्रोटॉन ७, नायट्रोजन. (इ) प्रोटॉन १६, गंधक. (ई) प्रोटॉन २०, कॅल्शिअम. (ई) मध्ये गंधक लिहिलं असेल तर तुम्ही प्रभाराचं चिन्ह न वाचता अठरा बघून उत्तर दिलंत. टप्पा ५ ची वजाबाकी उलटीकडून करा: इलेक्ट्रॉनांत प्रभार चिन्हासकट मिळवला की प्रोटॉन मिळतात.